काचेची केटल घेताना

बाबांना पहाटे चारच्या सुमारास जाग येते आणि जाग आली की गरम पाणी लागतं. पेलाभर, त्यात अर्धं लिंबू. वर्षानुवर्षं ते गॅसवर पातेलं ठेवायचे आणि गॅलरीत पेपरवाल्याची वाट बघत बसायचे. सत्तरी उलटल्यावर पेपरवाला तेवढा लक्षात राहू लागला, पातेलं राहीना. स्टीलच्या पातेल्याचं बूड तापून निळं-तपकिरी पडलेलं आईने मला एका सकाळी दाखवलं आणि पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी इलेक्ट्रिक केटल आणायची हे त्याच दिवशी ठरलं.

काचेचीच का, हा पुढचा प्रश्न. स्टीलची स्वस्त, पडली तरी पोचा येण्यापलीकडे काही होत नाही. पण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि स्टीलच्या केटलला पाणी दिसायला असते ती बोटभर रुंदीची खिडकी. तीही हँडलच्या आड. आत किती पाणी आहे हे बघायला झाकण उघडून वाकायचं, आणि ते नुकतं उकळलेलं असेल तर वाफ थेट तोंडावर. बहिणीकडे काचेची पाहिली होती. पाणी किती आहे, उकळतंय की नाही, हे स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं.

आईचा आक्षेप ठरलेला होता. "गॅसवर पातेलं आहे की, त्याला काय धाड भरलीय? आणि चहा होणार नाही म्हणतोस तिच्यात, मग काय शोभेला ठेवायची?"

चहाचं तिचं म्हणणं खरंच आहे. आपला चहा म्हणजे दूध, साखर, आलं घालून उकळलेला. साध्या केटलमध्ये दूध घातलं की ते तापलेल्या तळाला धरतं, करपतं, आणि उतू गेलं तर चोचीतून खाली विजेच्या बेसवर सांडतं. माहितीपत्रकात 'फक्त पाणी' असं छापलेलं असतं ते उगाच नाही. दूध, नूडल्स, अंडी चालतील अशा रुंद तोंडाच्या 'मल्टी केटल' वेगळ्या मिळतात, पण आम्हाला ते नको होतं. बाबांचं पाणी, आईची शेकायची पिशवी, सर्दीत वाफारा, आणि बायकोचा ग्रीन टी, एवढ्याचसाठी हवी होती.

गॅसवर ठेवायच्या काचेच्या किटल्याही मिळतात. दिसायला फार सुंदर. पण आपोआप बंद व्हायची सोय नाही, म्हणजे आमचं मूळ दुखणं तसंच. शिवाय ज्योत बारीक ठेवायची, रिकामी कधी तापवायची नाही आणि गॅसवरून उतरवून ओल्या, गार ओट्यावर टेकवायची नाही, हे पाळावं लागतं. आमचा ओटा कडाप्प्याचा आणि तो दिवसभर ओलाच. हा पर्याय तिथेच बाद झाला.

काचेबद्दल मात्र मी सुरुवातीला जरुरीपेक्षा जास्त वाचलं. चांगल्या केटलची काच बोरोसिलिकेट असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत ओटो शॉट यांनी ती तयार केली; शाळेच्या प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या याच जातीच्या. साधी काच तापल्यावर जेवढी प्रसरण पावते त्याच्या साधारण एक तृतीयांशच ही पावते, म्हणून उकळतं पाणी काढून लगेच नळाचं भरलं तरी सहसा तडकत नाही. (मुद्दाम तसं करू नये, ते वेगळं.) खोक्यावर 'बोरोसिलिकेट' हा शब्द आहे का एवढं बघायचं आणि पुढे जायचं. कारण घरात काच उष्णतेने फुटत नाही, ती फुटते सिंकमधल्या नळावर आपटून. आमच्याकडे सिंकचा नळ खाली आलेला आहे, तेव्हा केटल नळाखाली न्यायचीच नाही, तांब्याने भरायची, असा नियम आईने केटल यायच्या आधीच करून टाकला.

खरी गोम आहे ती काच आणि स्टीलचा तळ जिथे जुळतात त्या सांध्यात. भांडं काचेचं, तापणारी तबकडी स्टीलची, आणि दोन्ही धरून ठेवणारं असतं सिलिकोन. हे मला पहिल्या केटलने शिकवलं. ती ऑनलाइन मागवली होती, तारे भरपूर, परीक्षणं भरपूर. आल्या आल्या पाणी भरून ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी उचलली तर कागदावर ओलसर अर्धवर्तुळ, एका बाजूलाच. थेंब पडताना दिसत नव्हता, तळाला हात लावला तरी कोरडाच वाटत होता, कागदाने मात्र बरोबर पकडलं. खाली विजेची जोडणी असलेल्या वस्तूत थेंबभर गळतीही चालत नाही. परत पाठवली, पैसे कुरकुर न होता मिळाले. पण आता हातात धरून, पाणी भरून बघितल्याशिवाय घ्यायची नाही असं ठरवून आईला घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेत गेलो, विजेच्या वस्तूंच्या तपकीर गल्लीच्या बाजूला.

दुकानदार वयस्क होते, आणि गिऱ्हाईक पाणी भरून बघायला मागतंय याचं त्यांना काही वाटलं नाही. बाटलीतून पाणी ओतून त्यांनी केटल आईच्या हातात दिली. "काकू, धरा. पेलवतेय का बघा." हा प्रश्न मी स्वतःहून विचारला नसता. काचेची रिकामी केटलच किलोच्या आसपास भरते; १.८ लिटरची काठोकाठ भरली की तीन किलोच्या घरात. आईच्या मनगटाला संधिवात आहे. तिने ती उचलली, पेल्यावर तिरकी केली, आणि मनगट वळवताना तिचा चेहरा बदलला. दुसरी दिली. तिचं हँडल भांड्यापासून जरा लांब होतं, चारही बोटं आत जाऊन काचेला लागत नव्हती, आणि वजन कोपराकडे येत होतं. उकळत्या पाण्याच्या केटलची काचही तेवढीच तापलेली असते, त्यामुळे बोटांच्या मागची ही फट हौसेची गोष्ट नाही.

आईने आणखी एक गोष्ट केली, जी कुठल्याही परीक्षणात मी वाचली नव्हती. पाणी ओतता ओतता मध्येच थांबली. एका केटलची धार स्वच्छ तुटली. दुसरीचा शेवटचा ओघळ चोचीखालून काचेवरून सरळ काउंटरवर उतरला. "ही नको. रोज ओटा पुसायला तू येणार आहेस का?" दुकानदार हसले. तिसऱ्या केटलचं झाकण फक्त अर्धंच उघडायचं. तिने हात आत घालून पाहिला आणि नाकारली. तळ घासता आला पाहिजे, हे तिचं गणित. झाकणाचं बटण हँडलवर असलं की उघडताना बोटं वाफेत जात नाहीत, हे मात्र त्या दुकानदारांनी दाखवलं. झाकणाची आतली बाजू कशाची आहे तेही बघायचं. बाहेरून सगळी काच आणि आत झाकणाखाली प्लॅस्टिक असा प्रकार बराच आहे. आम्ही स्टीलचं आवरण असलेलं घेतलं. लोहचुंबक लावून स्टील तपासायची एक युक्ती लोक सांगतात. तिचा फारसा उपयोग नाही: चांगल्या, ३०४ ग्रेडच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही.

लिटरचा आकडा सगळे बघतात तो कमालीचा. मी आता किमान खूण आधी बघायला सांगेन. बऱ्याच मोठ्या केटलना ती अर्ध्या लिटरवर असते, म्हणजे एका पेल्यासाठी रोज दोन-अडीच पेले पाणी उकळायचं. कमाल खुणेच्या वर भरलं तर उकळताना चोचीतून उडतं, आणि किमान खुणेच्या खाली गेलं तर तबकडी नीट बुडत नाही.

आता प्लग. या एका गोष्टीवरून घराघरात गोंधळ होतो. १५०० वॅटची केटल २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढते, २२०० वॅटची साडेनऊच्या वर. मोबाइल चार्जर लावतो तो छोटा पॉइंट ६ अँपिअरचा. केटलला जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, आणि आमच्या ओट्यावर तसा एकच, तोही ओव्हनने अडवलेला. दुकानात मोठ्या प्लगचा छोटा करणारे अडॅप्टर टांगलेलेच होते. ते घ्यायचे नाहीत. आत तापून वितळलेले अडॅप्टर आमच्या इलेक्ट्रिशियनने मला दाखवलेत. त्यालाच बोलावून वेगळा पॉइंट काढून घेतला, जाड वायर थेट बोर्डापर्यंत नेऊन. त्या पॉइंटला खर्च आला तो केटलच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे, आणि मला तो एका पैशानेही टोचला नाही. केटलच्या तळाच्या पट्टीवर आयएसआय खूण होती. तिच्याखालचा 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून बघता येतो, तो दुकानातच उभं राहून बघितला.

वॅट कमी घेतले म्हणून वीज वाचते असं नाही, फक्त वेळ वाढतो. लिटरभर पाणी पंचवीस अंशांपासून उकळायला लागणारी ऊर्जा ठरलेली, ०.०८७ युनिट. थोडी वाया जाते ती धरून ०.१. युनिटला दहा रुपये धरले तरी लिटरमागे रुपयाच. १५०० वॅटला चार मिनिटांच्या आसपास लागतात. बाबांना पहाटे चार वाजता कुठे गाडी पकडायची असते? आम्ही १५०० च घेतली.

केटल आपोआप बंद कशी होते हे कळल्यावर ती वापरायची कशी हेही कळलं. पाणी उकळलं की वाफ एका वाटेने स्विचजवळच्या पातळ पत्रीपर्यंत पोचते. दोन धातू जोडून केलेली ही पत्री गरम झाली की टचकन उलटी वाकते आणि स्विच पाडते. झाकण उघडं राहिलं तर वाफ तिथे पोचत नाही आणि पाणी उकळतच राहतं. म्हणून बाबांना एवढंच सांगितलं: झाकण लागल्याचा 'टक' ऐकू आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पाणी पूर्ण आटलं तर तबकडीखालची दुसरी पत्री वीज तोडते, पण तिच्या भरवशावर राहू नये. जगातल्या कितीतरी केटलमधले हे स्विच आयरिश समुद्रातल्या 'आइल ऑफ मॅन' या बेटावरच्या स्ट्रिक्स कंपनीचे किंवा त्या धर्तीचे असतात. ते विकसित करणारे जॉन टेलर यांनीच पुढे केंब्रिजमधलं, वर भलामोठा टोळ बसलेलं ते प्रसिद्ध घड्याळ बनवून घेतलं. २००८ मध्ये त्याचं अनावरण स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते झालं. केटलच्या पत्रीतून माणूस कुठे पोचला बघा.

निळ्या दिव्याला मी नाकं मुरडली होती. दुकानात तो पोरखेळ वाटला. पण गॅलरीत बसलेल्या बाबांना अंधारात दिवा चालू की विझला एवढंच बघावं लागतं, आणि त्यांना तेवढंच हवं होतं. नवी केटल आणल्यावर पाणी उकळून फेकण्याचं काम वास जाईपर्यंत केलं. वॉरंटीत काच धरलेली नसते, हे बिल फाइलला लावताना वाचून ठेवलं.

काचेची एक बाजू मात्र कोणी आधी सांगत नाही: तुमच्या घरात कसलं पाणी येतं ते ती सगळ्यांना दाखवते. आमच्याकडे महापालिकेचं पाणी असतं तोवर तळ लखलखीत. उन्हाळ्यात सोसायटी बोअर आणि टँकरवर गेली की चार-आठ दिवसांत तबकडीवर पांढरे ठिपके, मग पापुद्रा, आणि पाण्यात तरंगणारे कण. बाबांनी त्या केटलचं पाणी प्यायचंच बंद केलं. हे क्षार आहेत, पाण्यातलं कॅल्शियम तापल्यावर खाली बसतं, स्टीलच्या केटलमध्येही बसत होतंच पण दिसत नव्हतं, असं सगळं सांगितलं. पटलं नाही. उपाय सोपा आहे. अर्ध्या केटल पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळायचं, अर्धा तास तसंच ठेवायचं, फेकून दोनदा साधं पाणी उकळायचं. बारीक फेस येतो आणि पापुद्रा डोळ्यांदेखत सुटतो. व्हिनेगरनेही जातो, पण मग घरभर वास. तारेची घासणी लावायची नाही.

पाणी तपासून घेतलं तेव्हा कठीणपणा (क्षारांचं प्रमाण) भारतीय मानकातल्या लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या बराच वर आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायच्या ६०० च्या आत निघाला. पुरावा म्हणून केटलच्या तळाचा फोटो आणि रिपोर्ट दोन्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवले, खाली लिहिलं की टँकरवाला बदलायचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घ्यावा. तासाभराने उत्तर आलं: "कुठल्या कंपनीची आहे? आमच्या हिलाही घ्यायचीय."