पहिली डर्ट बाइक, नोंद ५: फळ्या, दोरी आणि उताराची बाजू

मागच्या नोंदीच्या शेवटी मी लिहिलं होतं, "शोध संपला, रविवारी गाडी घरी." गाडी घरी आलेली नाही. त्या २५० सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉसला मी शेवटी नकार कळवला आणि मधले तीन आठवडे एकाच प्रश्नात गेले: सीटची उंची. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, कार्ब (कार्ब्युरेटर) की इंजेक्शन, किक की बटण, यावर आधीच्या चार नोंदींत भरपूर बोलून झालं आहे. उंचीवर मात्र मी एक ओळ लिहून पुढे गेले होते. तीच ओळ अंगावर आली.

झालं असं. ज्यांची ती गाडी, त्या काकांनी ती दिवसभर चालवायला दिली होती. सपाट मैदानावर सगळं सुरेख. उभ्याने पाच फेऱ्या मारल्या, फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) वजन टाकून गाडी वळवायला जमली, आणि पहिल्यांदाच हँडल घट्ट न धरता खडबडीत पट्टा पार केला. तो आनंद अजून टिकून आहे. दुपारी डावीकडे उतरत्या बाजूच्या पायवाटेवर पहिल्या गिअरमध्ये जाताना पुढचं चाक एका मुळाला अडलं, इंजिन बंद पडलं आणि मी नेहमीसारखा डावा पाय खाली टाकला. पायाखाली जमीन नव्हती. गाडी उताराकडे आडवी झाली, क्लच लिव्हरचं टोक तुटलं, मनगट दोन दिवस सुजलं. लिव्हर मी नवीन आणून बसवून दिला. जाता जाता सांगते: लिव्हरचे क्लॅम्प हातानं जोर लावल्यावर फिरतील एवढेच आवळा. ते दगडासारखे घट्ट होते, नाहीतर लिव्हर फिरला असता, तुटला नसता.

काकांचं म्हणणं, गाडी खाली घे. म्हणजे लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनमधला, गाडी खाली आणणारा बदली जोड) लाव, सीटचा फोम काप. पहिला आठवडा मी याच वाटेवर घालवला. लिंक मागवलीसुद्धा. विक्रेत्यानं पाठवलेल्या डब्यात बोल्टला लागणारे नट नव्हते, मोजमापाचा कागद नव्हता, आणि विचारल्यावर "सगळ्या गाड्यांना बसते" एवढंच उत्तर. सस्पेन्शनचा भाग सगळ्या गाड्यांना बसतो म्हणणाऱ्याकडून मी पुन्हा काही घेणार नाही. परत पाठवली. बरंच झालं, कारण तोवर वाचून आणि विचारून एवढं कळलं होतं की लिंक फक्त मागची बाजू खाली आणते. मग पुढचा भाग उंच राहतो, हँडल जड आणि संथ होतं. ते टाळायला फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवाव्या लागतात. साइड स्टँड लांब पडतो, तो कापावा लागतो. पूर्ण दाबल्यावर मागचा टायर फेंडरला लागत नाही ना, हे स्प्रिंग काढून तपासावं लागतं. फोम कापला तर तीनेक सेंटिमीटर मिळतात, पण गुडघा जास्त दुमडतो आणि बसल्याचं उभं राहायला अधिक ताकद लागते. जिला अजून उभं राहायची सवय लावायची आहे तिच्यासाठी हा तोट्याचा सौदा. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या आत स्पेसर घालून ट्रॅव्हल (तो किती दाबला जातो ते) कमी करणं हा नीट मार्ग, पण पहिलीच गाडी घेऊन लगेच तिचा शॉक उघडायचा, हे मला पटेना.

मग मुळाशी गेले. कागदावरची उंची म्हणजे चालक नसलेल्या गाडीची उंची. मला हवी आहे माझ्या वजनाखाली गाडी जिथे येऊन थांबते ती. माझं वजन ५६ किलो, बूट-हेल्मेट-आर्मर धरून ६५. पायाची आतली लांबी अनवाणी ७४२ मिलिमीटर, बुटात ७७७.

सॅग (वजनाखाली सस्पेन्शन जितकं बसतं ते अंतर) कसा मोजतात हे बहुतेकांना माहीत आहे, तरी माझी पद्धत सांगते. मागच्या ॲक्सलच्या बरोब्बर वर फेंडरवर चिकटपट्टीची खूण करायची. चाक लोंबतं असताना एक माप, गाडी स्वतःच्या वजनावर असताना दुसरं, आणि पूर्ण पोशाखात, फूटपेगवर पाय ठेवून सीटवर बसून तिसरं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की स्टॅटिक सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. प्रत्येक वेळी आधी गाडी दोनतीनदा दाबून सोडा, नाहीतर सीलच्या घर्षणामुळे माप पाच-सात मिलिमीटरनं खोटं येतं. यासाठी डिजिटल सॅग स्केल मिळतो. मी उसना आणून वापरला आणि परत दिला. साधा स्टीलचा टेप आणि टेप वाचणारा शांत माणूस पुरतो. माझा धाकटा भाऊ तसा आहे.

अडीचशेवर प्रीलोड (स्प्रिंगला आधीपासून दिलेला दाब) पूर्ण सैल करूनही रायडर सॅग ८२ मिलिमीटर आला. मोठ्या मोटोक्रॉस गाडीवर साधारण १०० हवा. स्टॅटिक मात्र ४५, म्हणजे जास्त. दोन्ही आकडे एकत्र वाचले की अर्थ एकच: स्प्रिंग माझ्यासाठी फार कडक आहे. ती माझ्यापेक्षा वीस-पंचवीस किलो जड माणसासाठी बसवलेली होती. म्हणजे गाडी आधीच उंच, त्यात माझ्या वजनानं ती पुरेशी बसतही नव्हती. हे कळलं तेव्हा मला खरंच हलकं वाटलं. माझे पाय आखूड आहेत म्हणून हा खेळ माझा नाही, असं दोन आठवडे मनात घोळत होतं. गाडी दुसऱ्याच्या मापाची होती, एवढंच.

त्यानंतर दोन ट्रेल गाड्या मिळवून हेच माप घेतलं. यामाहा टीटी-आर२३० एका मैत्रिणीची, आणि टीटी-आर१२५एलई आमच्या शिकवणाऱ्या ताईंच्या शेडमध्ये वर्षभर झाकून ठेवलेली. सीट कागदावर अनुक्रमे ८७० आणि ८०५ मिलिमीटर. मी वर बसल्यावर जमिनीपासून सीटपर्यंत मोजलं तेव्हा अडीचशे ९१५, दोनशेतीस ८१०, सव्वाशे ७५०. अडीचशेची सीट कागदावर ९५५ होती. म्हणजे अडीचशे आणि दोनशेतीस यांच्यात कागदावर ८५ मिलिमीटरचा फरक, माझ्या खाली १०५. ट्रेल गाडीची स्प्रिंग मऊ असते, ती हलक्या चालकाखालीही बसते. हलक्या वजनाच्या कुणीही नुसत्या कागदावरच्या उंचीवर गाडी निवडू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

सीटची रुंदी हा यातला दुसरा चोर. बसायच्या जागी सीटवरून शिंप्याची दोरी टाका, दोन्ही टोकं पाय जिथे टेकणार तिथे जमिनीला लावा आणि त्या लांबीचं अर्ध करा. तेवढी लांबी पायाला खरी गाठावी लागते. सारख्या उंचीच्या दोन सीटांत या मापात दोन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो.

आता थोडं सव्वाशेविषयी, कारण या महिन्यातला सर्वांत गोड क्षण तिथला आहे. गाडी चोकवर सुरू व्हायची, चोक आत ढकलला की मरायची. वर्षभर टाकीत तेच पेट्रोल. पायलट जेट (कार्बमधली, कमी वेगाला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) तुंबला असणार हे ऐकून माहीत होतं, पण कार्ब कधी उघडला नव्हता. फ्लोट बाउलचे (कार्बच्या तळाच्या वाटीचे) स्क्रू पाहून साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लावला, तर तो घसरून डोकं खरडू लागला. ताईंनी हातातून काढून घेतला आणि जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा दिला. जपानी गाड्यांचे ते स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण खाचेचा आकार वेगळा असतो. योग्य टोक लावल्यावर चारही स्क्रू कुरकुर न करता निघाले. हत्यारांच्या पेटीत तुमच्याकडे दुसरं काही नसलं तरी दोन मापांचे जेआयएस ड्रायव्हर हवेत. जेट प्रकाशाकडे धरला तर पलीकडचं काहीच दिसेना. क्लीनरमध्ये भिजवला, हवेनं फुंकला, आणि दुसऱ्यांदा धरला तेव्हा मधोमध एक बारीक गोल उजेड दिसला. तार घालून टोकरू नका, भोक मोठं होतं. जोडणी केली, ताजं पेट्रोल घातलं, दीड मिनिटात चोक आत, आणि गाडी एकसारखी धडधडत राहिली. ताई म्हणाल्या, "ही आता तूच चालव थोडे दिवस." म्हणून मापं शांतपणे घेता आली.

सव्वाशेवरच मी फळ्यांचा प्रयोग केला. दोन्ही चाकांखाली २० मिलिमीटरची एकेक फळी वाढवत नेली आणि प्रत्येक वेळी सीटवर एका बाजूला सरकून एक पाय टेकवला. चवडा पक्का टेकायला हवा, नुसतं बोट चालणार नाही. पाच फळ्यांपर्यंत जमलं, सहाव्याला पाय डगमगला. म्हणजे सपाटीवर माझी मर्यादा ८५० मिलिमीटर. दोन्ही पाय टेकायलाच हवेत असं काही नाही, एक भक्कम पाय पुरतो, हे ताई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. आता त्याला आकडा मिळाला. दोनशेतीस ८१० वर, म्हणजे ४० मिलिमीटर शिल्लक. झालं, दोनशेतीस घ्यायची.

इथपर्यंत काल रात्री लिहून थांबले होते. शेवटचा परिच्छेदसुद्धा तयार होता. सकाळी पुन्हा वाचताना पडल्याचा तो भाग आला, "डावीकडे उतरती बाजू", आणि लक्षात आलं की मी सगळी मापं सपाट फरशीवर घेतली आहेत.

पाय गाडीच्या मध्यरेषेपासून साधारण ३०० मिलिमीटर लांब टेकतो. बाजूचा उतार १० अंश असेल तर तिथे जमीन ५३ मिलिमीटर खाली असते. १५ अंशाला ८०. म्हणजे दोनशेतीसवरची माझी ४० मिलिमीटरची शिल्लक साडेसात अंशालाच संपते, आणि आम्ही जिथे चालवतो त्या पायवाटेवर साडेसात अंश म्हणजे काहीच नाही. १५ अंश धरले तर मला ७७० च्या आतली गाडी हवी. सव्वाशे ७५० वर आहे.

चढाच्या बाजूचा पाय टाक, हे उत्तर मला माहीत आहे आणि ते बरोबर आहे. चढाच्या बाजूला तीच जमीन ५३ मिलिमीटर वर येते. ते अंगवळणी पडेपर्यंत मी रोज त्याचाच सराव करणार आहे: आडव्या उतारावर थांबायचं, मुद्दाम इंजिन बंद पाडायचं, चढाकडे झुकायचं. पण शिकणाऱ्याची गाडी कुठल्या बाजूला कलंडेल हे शिकणारी ठरवत नाही. दोनशेतीस सुमारे ११४ किलोची आहे, सव्वाशे ९० ची. पाय चुकून उताराकडे गेलाच तर ९० किलो सावरायची शक्यता तरी उरते. आणि पडलेली गाडी दिवसातून आठदा उचलायची असेल तर हे २४ किलो संध्याकाळी फार मोठे होतात.

मैत्रिणीचं म्हणणं आहे की सव्वाशे सहा महिन्यांत अपुरी पडेल. तिचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पुढचं १९ इंची आणि मागचं १६ इंची चाक मोठ्या दगडांत २१-१८ च्या जोडीइतकं सहज जात नाही. फोर्क मऊ आहे, वेग वाढला की तळाला आपटणार. पण पुढचे सहा महिने मला जे शिकायचं आहे ते सगळं दुसऱ्या गिअरच्या खालचं आहे: क्लचवर गाडी तोलणं, उभ्याने आठचा आकडा, ओंडक्यावर पुढचं चाक हलकं करणं. तिथे थ्रॉटल पूर्ण उघडता येणारी लहान गाडी मला उघडायला भीती वाटणाऱ्या मोठ्या गाडीपेक्षा जास्त शिकवते, हे दोन्ही चालवून पाहिल्यावर स्वतः अनुभवलं. चढावर दम कमी पडला तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करीन.

ताईंची सव्वाशे विकायची नाही, विचारून झालं. त्यामुळे वापरलेली टीटी-आर१२५एलई शोधते आहे, आणि तिच्या जोडीला होंडा सीआरएफ१२५एफ बिग व्हील. तिची सीट कागदावर ७८५, चाकं त्याच मापाची, आणि २०१९ पासून इंजेक्शन, म्हणजे जेटची भानगड नाही. पण गिअर चार, यामाहाला पाच. जेट साफ करून झाल्यावर कार्बची भीती गेली आहे, म्हणून इंजेक्शनसाठी एक गिअर सोडावा का, हे चालवून पाहिल्याशिवाय ठरत नाही. कावासाकी केएलएक्स१४०आर एलवर कुणी बसलं असेल तर बसल्यावरची सीटची उंची, स्वतःचं वजन आणि दोरीचं माप मला नक्की कळवा.

शनिवारी पहिली गाडी बघायला जाते आहे. पिशवीत पाच फळ्या, दोरी, टेप आणि जेआयएस ड्रायव्हर. मालकांना फोनवर एकच विनंती केली आहे, की मी पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका; थंड इंजिन कसं सुरू होतं ते मला बघायचं आहे. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावीन. ते थंड असेल तरच फळ्या बाहेर काढीन.