डाव्या हाताचा मळ

तैलरंगात निसर्गचित्रं काढणाऱ्याचा बिघडतो तो हात डावा. ब्रश उजव्या हातात, रंग ब्रशला, मग खाज डाव्या तळव्याला कशी, असं लोक विचारतात. कारण चिंधी. उघड्यावर काम करताना दर दोन-चार फटकाऱ्यांनी ब्रश पुसावा लागतो, आणि रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनने भिजलेली, सगळे रंग मिळून शेणकट झालेली ती चिंधी दिवसभर डाव्या मुठीत असते. माझ्या करंगळीच्या कडेला आधी बारीक पाणेरी फोड आले, मग कातडी सुकली आणि तिला भेगा पडल्या. उजवा हात मात्र तुळतुळीत. शेजारच्या वैनींनी कुंपणाच्या पलीकडूनच निदान केलं, "हाताक कितें जालां गो? सुंगटां खाल्लीं आसतलीं."

गोव्यात अंगावर काहीही उठलं की पहिला आळ मासळीवर. सुंगटं, तिसऱ्या, बांगडे हे कायमचे आरोपी. आणि मला झालेल्या या टर्पेंटाइनच्या स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीचं वेळापत्रकच असं आहे की बिचारी मासळी अलगद अडकावी. पुरळ लगेच उठत नाही. शरीराला शत्रू ओळखून जमवाजमव करायला एक-दोन दिवस लागतात. रविवारी दिवाडीच्या बांधावर चित्र काढलं तर हात मंगळवारी पेटतो. सोमवार शिवराक, म्हणजे बिनमासळीचा, म्हणून संशय थेट रविवारच्या माशाच्या हुमणावर. टर्पेंटाइनची बाटली कपाटात साळसूदपणे बसलेली.

तिच्यावर संशय न येण्याचं आणखी एक कारण म्हणजे जुनी ओळख. वर्षानुवर्षं तिने काही केलेलं नसतं. पण ही अ‍ॅलर्जी कधीकधी तशीच जडते: सोसत सोसत एके दिवशी शरीर ठरवतं, आता पुरे. आणि एकदा ठरवलं की सहसा माघार नाही. टर्पेंटाइन हे चिडाच्या चिकापासून काढलेलं तेल. ताजं असतं तेव्हा त्यातल्या त्यात बरं. बाटली उघडली, हवा लागली, की त्यातल्या द्रव्यांचं ऑक्सिडेशन होऊन नवी संयुगं तयार होतात आणि ती जास्त झोंबतात. म्हणजे काटकसर म्हणून तळाशी जपून ठेवलेलं टर्पेंटाइन सगळ्यात वाईट. चित्रकारांच्या घरात तेच जास्त असतं.

खात्री करून घ्यायची तर पॅच टेस्ट. योझेफ याडासोन नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत १८९५ साली मांडली, तीही पाऱ्याच्या औषधाने कातडी बिघडलेल्या रोग्यांवरून. मूळ कल्पना अजून तीच आहे. पाठीवर इवल्या इवल्या वाट्या चिकटवतात, एकेकीत एकेक संशयित: निकेल, कोबाल्ट, क्रोमेट, राळ, सुगंधी द्रव्यं, आणि आपण घरून नेलेलं काही. ४८ तासांनी पट्ट्या काढून खाली लाली आली आहे का ते बघतात, ९६ तासांच्या सुमारास पुन्हा बघतात. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही आणि घाम येऊ द्यायचा नाही. घाम येऊ द्यायचा नाही! फोंड्यात, एप्रिलमध्ये! डॉक्टर स्वतः रुमालाने मान पुसत हे सांगत होते, त्यामुळे त्यांनाच दया आली आणि त्यांनी जानेवारीची तारीख दिली. जानेवारीत पाठ खाजवता न येणं हा काय प्रकार असतो ते भिंतीला पाठ लावून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तीही मनाई असते.

निकाल लागला: टर्पेंटाइन, राळ, कोबाल्ट. राळ का, तर तीही चिडाचीच, चिकातून टर्पेंटाइन निघून गेल्यावर मागे उरते ती. काही चिकटपट्ट्यांच्या गोंदात ती असते, म्हणजे भेगेवर लावलेली पट्टीच बिब्बा घालणार.

खऱ्या बिब्ब्याची गोष्ट मावशीने सांगितली. मावशी सत्तरी तालुक्यातली, काजू भाजून फोडण्यात तिचा उन्हाळा गेलेला. काजूच्या टरफलातलं तेल कातडीवर उततं; बिब्बा त्याच कुळातला, आंबाही त्याच कुळातला, आणि त्याच्या चिकाने ओठ उतलेलं मूल गोव्यात घरटी एक तरी सापडेल. फोडणाऱ्या बायका बसण्याआधी हाताला तेल नाहीतर राख चोळतात. माझा हात उलटसुलट करून मावशी म्हणाली, "अगो, रंगात तेल घालतेस, मग हाताला कसलं वावडं?" तेव्हापासून हाताचा रंग टर्पेंटाइनने काढणं बंद. आधी नारळाचं तेल चोळायचं, कापडाने निपटून घ्यायचं, मग साधा साबण. ब्रश मात्र जवसाच्या तेलात. नारळाचं तेल सुकत नाही, ते ब्रशातून कॅनव्हासवर गेलं तर चित्र जन्मभर चिकट राहील. मावशीच्या मते माझी जमात मोठी आहे, तिच्या मांडवातल्या बायकांपासून सिमेंटमधल्या क्रोमेटने हात फुटलेल्या गवंड्यांपर्यंत. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत परिचय म्हणून हेच छापावं असं मला कधीकधी वाटतं.

जलरंगाकडे वळा, असा सल्ला फुकट मिळतो. आषाढात गोव्यात जलरंगाचा पातळ वॉश दुपारपर्यंत ओलाच असतो आणि चांगल्या कागदावर आपल्याआधी बुरशी चित्र काढते. अ‍ॅक्रिलिक एप्रिलच्या उन्हात पॅलेटवरच वाळतं, शिवाय ते टिकावं म्हणून घातलेली रसायनं कातडीच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची. असो.

कोबाल्ट ब्लू तसा सहजी न विरघळणारा रंग. डॉक्टर म्हणाले, टाळता येत असेल तर टाळा. टाळला. सेरुलियन निळ्यामध्येही कोबाल्ट, तोही गेला. अल्ट्रामरीन या निळ्यात कोबाल्ट नाही, तो राहिला, आणि मग लक्षात आलं की कोबाल्टचं ते स्वच्छ आभाळ इथे लागतं किती दिवस? पाऊस सरल्यावरचे थोडे आठवडे. जून ते सप्टेंबर मांडवीवर जे आभाळ असतं ते अल्ट्रामरीन आणि तांबूस बर्न्ट सिएना एकत्र केल्यावर आपोआप मिळतं. निळा जरा जास्त झाला की पाऊस येणार, तांबडा जास्त झाला की येऊन गेला. बर्न्ट सिएना, गेरू, पिवळी माती या सगळ्या लोखंडाच्या संयुगांनी रंगलेल्या मात्या. माझ्या हाताने त्यांच्याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही. चिऱ्याचा तांबडा रंगही लोखंडाचाच. मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीचं काम आहे, पांढऱ्या चुन्यावर एकट्या तांबड्या मातीने केलेलं. ते बघताना मला पहिल्यांदा कारागिरांच्या हातांची काळजी वाटली. माती निरुपद्रवी, पण ओला चुना कातडी खातो.

गिऱ्हाइकांना मात्र निळा समुद्र हवा असतो. एकाने विचारलं, तुमच्याकडे सगळे दिवस ढगाळच का? मी म्हटलं, हवामान.

राहिले हातमोजे. रबराच्या लेटेक्स मोज्यांची अ‍ॅलर्जी वेगळीच असते, म्हणून नायट्रिल या कृत्रिम रबराचे. त्यातूनही टर्पेंटाइनसारखे द्रव हळूहळू झिरपतात, तेव्हा ते सारखे बदलायचे, आणि घाम टिपायला आत पातळ सुती मोजे. असे निळे मोजे चढवून चोडणला मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ उभी होते. खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या खाजनातलं भात, पलीकडे खारफुटी. एक म्हातारे गृहस्थ सायकल टेकवून बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाय, उदक तपासपाक आयल्यात?" मी चित्र दाखवलं. ते जरा हिरमुसले. मग बारकाईने बघून म्हणाले, बांध बरोबर आहे, पण त्या टोकाला भगदाड पडलंय, खारं पाणी शेतात शिरतंय, ते कुठे आहे? भगदाड माझ्या चौकटीबाहेर होतं. तरी तपकिरी बर्न्ट अंबरने काढून दिलं. त्यांनी मान हलवली.

"इतलें ल्हान न्हय, बाय."

मी ते मोठं केलं.