तुम्ही विचारलंत म्हणून: परक्यांच्या कबरींपाशी

"आपल्यात तर जाळतात. मग तुला त्या परक्या लोकांच्या कबरींमध्ये काय सापडतं?" मावशी फोनवर हेच विचारते, गणपतीच्या जेवणाला जमलेल्या इथल्या मैत्रिणी विचारतात, आणि भारतातून आलेले पाहुणे दारातले माझे चिखलाचे बूट पाहून विचारतातच. घाईत दोन वाक्यं सांगते आणि मग मलाच चैन पडत नाही. म्हणून आज सविस्तर.

मी अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्याच्या पीडमाँट भागात राहते. लाल माती, टेकड्या, पाइनची रानं आणि थोड्या थोड्या अंतरावर बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं चर्च. 1755 साली शूबल स्टर्न्स नावाचा उपदेशक इथल्या सँडी क्रीक ओढ्याकाठी आला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कितीतरी बॅप्टिस्ट मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे समुदाय, आपलं मूळ तिथे सांगतात. चर्चच्या आवारातली दफनभूमी नीट राखलेली असते, गवत कापलेलं, कबरींवर फुलं. मी जाते ती त्यापलीकडे, रानात शिरल्यावर लागणाऱ्या एखाद्या घराण्याच्या खासगी दफनभूमीत. पूर्वी शेतकरी आपली माणसं आपल्याच शेतात, उंचवट्याची जागा बघून पुरत. पुढे मुलंनातवंडं कापडगिरण्यांच्या गावांत गेली, शेत विकलं गेलं, पडीक जमिनीवर पाइन माजले. चर्चच्या देखभालीत ती जागा येत नाही आणि नव्या मालकाचं तिथे कुणीच नसतं.

अशी जागा लांबून ओळखता येते. पानगळीच्या रानात मधेच जुन्या सीडरची चारदोन झाडं, खाली पेरिविंकलचा दाट हिरवा गालिचा. ही आपल्या सदाफुलीच्या कुळातली वेल. कबरीवर मुद्दाम लावत, आणि माणसं गेली तरी ती पसरत राहते. फेब्रुवारीअखेर जिथे घराचा मागमूस नाही तिथे डॅफोडिल फुललेले दिसले, की मी थांबते.

आत गेल्यावर आधी दगड नाही, जमीन बघायची. जुन्या लाकडी पेट्या कुजल्या की वरची माती खाली बसते, आणि हिवाळ्यातल्या तिरक्या उन्हात ते लांबट खळगे सावलीने उठून दिसतात. सगळे पूर्व-पश्चिम. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या सकाळी उठताना तोंड उगवतीकडे असावं. कोरलेले संगमरवरी दगड थोडेच असतात. त्यांवर एकमेकांत गुंफलेले हात, वर रोखलेलं बोट, लहान मुलाच्या कबरीवर निजलेलं कोकरू. बाकी सगळे शेतातले ओबडधोबड दगड, एक उशाशी आणि एक पायथ्याशी, अक्षर एकही नाही. त्या दोन दगडांमधलं अंतर बघायचं. ते हातभर असलं की तिथे मूल आहे.

मी ज्या दफनभूमीत सर्वांत जास्त वेळ घालवला, तिथे असे हातभर अंतराचे दगड एका बाईच्या कबरीला लागून आहेत. घराण्याचं नाव इथे देत नाही. त्या मुलांचा शोध घ्यायला गेले तेव्हा कळलं, की कागदावर ती कुठेही नसण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते, पण 1890 सालच्या जनगणनेचे बहुतेक कागद 1921 मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर उरले नाहीत. उत्तर कॅरोलायनात जन्ममृत्यूची राज्यभर नोंद सुरू झाली ती 1913 साली. म्हणजे 1880 च्या गणनेनंतर जन्मलेलं आणि 1900 च्या गणनेआधी गेलेलं मूल सरकारदरबारी जन्मलंच नाही. मात्र 1900 च्या गणनेत बायकांना एक प्रश्न होता: तुम्हाला मुलं किती झाली, आणि त्यांतली हयात किती? त्या बाईच्या नावापुढे दोन आकडे आहेत, नऊ आणि पाच. नावं नाहीत. उरलेल्या चारांपैकी तिघांचे दगड पेरिविंकलखाली सापडले. एका दगडावर कुणीतरी खिळ्याने ओरखडल्यासारखी दोन अक्षरं आहेत, ती मी आरशाने ऊन तिरकं टाकून वाचली. एक माणूस या जगात येऊन गेल्याचा एवढाच पुरावा आहे, आणि तो झुडपाखाली होता.

मावशीला मी सांगते, "आपल्यात जाळतात" हे पूर्ण खरं नाही गं. तान्ही मुलं आपणही पुरतो, आणि त्यावर दगड ठेवत नाही. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत माझ्या माहेरच्या पिढ्या आहेत. पूर्वजांच्या सह्या बघून अंगावर काटा आला होता. पणजीची गेलेली मुलं त्यात नाहीत. "दोन गेली," एवढंच आजी म्हणायची. मुलगे होते की मुली, हेही आम्हाला कुणी सांगितलं नाही. ती जागा शोधायची म्हटली तरी मला शोधता येणार नाही. इथे शोधता येते, म्हणून शोधते.

आता याहून अवघड भाग. त्या दफनभूमीला दगडांची बुटकी भिंत आहे, आणि भिंतीबाहेर पाइनखालीही तसेच खळगे आहेत, तशाच पूर्व-पश्चिम रांगेत. उशाला पांढरे गारगोटीचे दगड, काही ठिकाणी तेही नाहीत. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असे: मालकाचं नाव, आणि खाली प्रत्येक माणसाचं वय, लिंग, वर्ण. नाव नाही. या घराण्याच्या नावाखाली अशा ओळी आहेत. नावानिशी नोंद सुरू झाली ती 1870 साली, गुलामगिरीतून मुक्तीनंतर. त्याआधी जे मेले त्यांचं काय? कधीकधी चर्चच मदतीला येतं. गुलाम माणसंही याच मंडळ्यांची सभासद असत, आणि कामकाजाच्या वहीत त्यांचं पहिलं नाव आणि पुढे मालकाचं नाव लिहिलेलं सापडतं. अशा कितीतरी वह्या आता विन्स्टन-सेलमच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात जपलेल्या आहेत. गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक म्हणून पाठवावं की नाही, या वादातून 1845 साली ऑगस्टा इथे दक्षिणेतले बॅप्टिस्ट वेगळे झाले, हे विसरून ती वही वाचता येत नाही. एकाच पाण्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना भिंतीबाहेर पुरलं, याचा मला राग येतो आणि तो राग मी लपवत नाही. भिंतीबाहेरच्या खळग्यांची नोंद मी भिंतीआतल्यांच्या आधी करते. राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे माहिती पाठवली की जागा नकाशावर येते. उद्या तिथे घरं बांधायला कुणी आलं तर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येऊ नये.

त्या दफनभूमीजवळच्या चर्चचे एक वयस्क डीकन, म्हणजे मंडळीतले सेवक-पदाधिकारी, सुरुवातीला माझ्याकडे संशयाने बघत. "ही माणसं तुमची कोण?" त्यांनी विचारलं. "कुणी नाही," म्हटलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग सांगू लागले, की त्यांच्या लहानपणी होमकमिंगच्या रविवारी गावोगावची माणसं परत यायची, झाडाखाली फळ्यांची लांब टेबलं मांडून जेवणं व्हायची, आणि त्याआधी बायका कुदळ-खराटा घेऊन कबरींवरचं गवताचं पातंही काढून जमीन झाडून ठेवायच्या. गवत राहू देणं म्हणजे हेळसांड. दुसऱ्या खेपेला त्यांनीच मला फांद्या छाटायची कात्री आणून दिली आणि जागेच्या मालकाशी गाठ घालून दिली.

मालकाची परवानगी घेतल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. दगड उचलत नाही, कलला असला तरी सरळ करत नाही. ब्लीच, तारेचा ब्रश, खडू, काही नाही. साधं पाणी आणि मऊ ब्रश. पेरिविंकल उपटत नाही, कारण बिनदगडाच्या कबरीची खूण बऱ्याचदा तीच असते.

भीतीचं विचारता, तर भीती आहे गोचिडांची आणि कॉपरहेड सापाची, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर मी त्या बाजूला फिरकत नाही. घरी आल्यावर आंघोळ करतेस का, हेही मावशीने विचारलंय. करते, आणि कपडेही वेगळे धुते: पॉयझन आयव्हीची वेल पानं गळाल्यावरही अंगाला लागली तर पुरळ उठतं, आणि तिचं तेल कपड्यांवर टिकून राहतं.

कुणाला सोबत यायचं असेल तर जानेवारीत या. पोटरीपर्यंतचे बूट, जाड हातमोजे, एक लहान आरसा आणि पाण्याचा कॅन. उत्तरेच्या उतारावर घाणेरीसारखी काटेरी जाळी अजून तशीच आहे, आणि तिच्या आत आणखी एक रांग असावी असं मला वाटतं.