डिसेक्शन बंद झालं, पण मार्क कशाचे द्यायचे?

मी झूऑलॉजी शिकवते. आमच्या वेळी बीएस्सीला डिसेक्शन, म्हणजे प्राणी कापून आतली रचना बघणं, असायचं: झुरळ, बेडूक, उंदीर आणि स्कोलिओडॉन या छोट्या शार्क माशाच्या क्रेनियल नर्व्हज (मेंदूतून निघणाऱ्या नसा), ते फॉर्मलिनचे मासे उघडले की डोळ्यांतून पाणी यायचं आणि नर्व्ह तुटली की मार्क गेले, मग शेजारच्या ट्रेमधलं बघून आकृती काढायची. त्यातून नेमकं काय शिकलो हे आजही सांगता येणार नाही मला.

२०११ मध्ये यूजीसीच्या गाइडलाइन्स आल्या, बीएस्सीच्या मुलांनी स्वतः डिसेक्शन करायचं नाही, सरांनी फक्त एकाच प्रजातीचं करून दाखवायचं. आणि २०१४ ला तेही बंद, एमएस्सीलासुद्धा. स्टाफरूममध्ये काय गहजब झाला! "आता पोरं हात न घाण करताच झूऑलॉजिस्ट होणार" वगैरे. खरंतर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच म्हटलंय की पुस्तकं, मॉडेल्स, फिल्म्स यांनी काम भागत असेल तर कॉलेजात प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, पण ते कलम आमच्याकडे कोणी वाचलेलंच नव्हतं.

पहिली अडचण सॉफ्टवेअरची. कोटेशनं, परचेस कमिटी, मग सीडी आली ती लॅबच्या जुन्या पीसीवर चालेना. चालली तेव्हा वीस पोरं एका स्क्रीनभोवती, माऊस एकाच्या हातात, बाकीचे मोबाइलवर. पण मोठी अडचण वेगळीच निघाली. मार्किंग स्कीम जुनीच! डिसेक्शनचे मार्क तसेच्या तसे 'व्हर्च्युअल डिसेक्शन'ला दिलेले, म्हणजे आधी नर्व्ह मोकळी करायची ती आता क्लिक करायची, बाकी पाठांतर तेच. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षकही, कंटाळून लेबलिंग बघून मार्क देऊन मोकळे.

मग आम्ही डिपार्टमेंटमध्ये बसून प्रश्नच बदलले. पावसाळ्यात कॉलेजमागच्या डबक्यावर संध्याकाळी जाऊन बेडकांचे आवाज रेकॉर्ड करायचे, कुठला कुठून ओरडतो ते नोंदवायचं, हात कोणी लावायचा नाही. ड्रोसोफिलाचं, म्हणजे फळमाशीचं, कल्चर. म्युझियममधल्या जुन्या बरण्या परत वापरात काढल्या, कारण नवीन नमुने गोळा करायचे नाहीत असंच सांगितलेलं होतं.

आणि बकऱ्याचं काळीज (म्हणजे यकृत) नाही, हृदय! खाटकाकडे तो वेगळा भाग म्हणून मागून आणायचं, ते तर खाण्यासाठी कापलेल्या बकऱ्याचंच, आपल्यासाठी काही मारलेलं नाही. आडवं कापलं की डाव्या बाजूची भिंत जाडजूड आणि उजवीची केवढीशी पातळ, झडपेला बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्या बोटाने ओढून बघता येतात. डावीकडची जाड का, हा प्रश्न मग पोरंच विचारतात, मला विचारायला लागत नाही. ज्यांना मांसाला हात लावायचा नसतो त्यांच्यासाठी मॉडेल ठेवलंय, मार्क सारखेच, यावर मी अडून बसले होते.

एक राहतंच, एमएस्सीला पुढे रिसर्चमध्ये जाणाऱ्यांना जिवंत प्राणी हाताळायची वेळ येते, त्यांना ते एथिक्स कमिटीची परवानगी असलेल्या ठिकाणीच शिकावं लागतं आणि तसं जवळ काही नसतं. याला उत्तर आमच्याकडे अजून नाही.

कोणी आता हे सुरू करत असेल तर सॉफ्टवेअरच्या आधी मार्किंग स्कीम बोर्ड ऑफ स्टडीजकडून (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाकडून) बदलून घ्या, बैठकीच्या मिनिट्समध्ये लेखी. तोंडी 'हो हो करू'वर विश्वास ठेवू नका.