कोल्हापूर राउंड, आणि उजव्या वळणांचं कोडं एकदाचं सापडलं

मंडळी, कार्ट रेसिंगच्या कोल्हापूर राउंडचा माझा रिझल्ट तुम्हाला कळलाच असेल. क्वालिफायिंगला चौथी, प्री-फायनलला घसरत नववी, फायनलला कशीबशी सातवी. पण आज लिहायला बसलेय ते त्यासाठी नाही. गणेशचतुर्थीच्या आधीपासून ज्या गोष्टीने डोकं खाल्लंय तिचं मूळ शेवटी आमच्या घराच्या सोप्यावर सापडलं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

आधीच्या अपडेट वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी सेशनच्या सुरुवातीला झकास चालते, तीन-चार लॅप टॉपच्या पोरांबरोबर, आणि मग ट्रॅकवर टायरचं रबर बसून ग्रिप वाढायला लागली की उजवीकडच्या हळू वळणांतून बाहेर पडताना गाडी बसते. म्हणजे थ्रॉटल फुल, पण इंजिनाचा गळा आवळल्यासारखं होतं, मग टप टप टप करत मागचं चाक उड्या मारतं आणि तोपर्यंत मागचा बाजूला येऊन उभा. डावीकडच्या वळणांत काही म्हणजे काही नाही.

सगळ्यांनी कार्बोरेटरवर बोट ठेवलं, आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. आम्ही सराव करतो गोव्यात, समुद्रसपाटीला, दमट हवेत. कोल्हापूर साधारण 550 मीटरवर, तिथे हवा पाच टक्क्यांच्या आसपास विरळ, त्यामुळे इथला जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) तिथे रिच पडणारच, म्हणजे पेट्रोल जास्त जाणार. तिलारी घाट चढून चंदगडला चहाला थांबलो तेव्हाच बाबांनी जेटचा डबा मांडीवर घेतला होता. मेन जेट खाली आणला, प्लग काढून रंग बघितला, छान तपकिरी. पाण्याचं टेंपरेचर 50-55 मधे. मागचा स्प्रॉकेट एक दात मोठा करून बघितला. वळणातून बाहेर पडताना किंचित बरं वाटलं पण सरळवर लिमिटरला (इंजिनाच्या कमाल आरपीएमला) आधीच टेकायला लागली म्हणून परत काढला. इंजिन निरोगी आहे हे मायक्रॉनच्या (गाडीवरच्या डेटा लॉगरच्या) डेटावरूनच दिसत होतं. सरळवर सुरुवातीच्या आणि शेवटच्या लॅपचा टॉप स्पीड सारखाच. फक्त उजव्या वळणांतला मिनिमम आरपीएम सुरुवातीला 7,800 आणि शेवटी 7,100, डावीकडे आकडा जवळजवळ हलत नाही. कार्बोरेटरला डावं-उजवं कळत नाही, हो की नाही? तिथेच माझी खात्री झाली की हा चेसिसचा मामला आहे.

कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. मागची दोन्ही चाकं एकाच घट्ट अ‍ॅक्सलवर, म्हणून वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून सुटायला हवं, नाहीतर दोन्ही चाकं एकमेकांशी भांडतात आणि इंजिनाची ताकद त्या भांडणात जाते. ट्रॅकवर धूळ असेल तर आतलं चाक घसरून निभावतं, काही जाणवत नाही. रबर बसलं की तेच चाक डांबर घट्ट धरून ठेवतं आणि मग बॉग होतं (इंजिन गुदमरतं), हॉप होतं (चाक उड्या मारतं). आमच्या गोव्याच्या सरावात हे कधीच का दिसलं नाही त्याचं उत्तर इथेच आहे, आमच्याकडे तांबडी माती इतकी उडते की ट्रॅकला खरी ग्रिप येतच नाही.

मग आतलं चाक उचलायला जे जे करतात ते सगळं केलं. पुढची चाकं दोन्हीकडे 5 मिमी बाहेर काढली. उजवीकडे सुधारणा! पण डावीकडे आता आतलं चाक जास्तच उचलायला लागलं, एक्झिटला धपकन खाली येत होतं आणि मागचा भाग सुटत होता. मागची रुंदी कमी केली, तेच. अ‍ॅक्सल बदलला, तेच. जे काही केलं त्याने एका बाजूचं बरं आणि दुसऱ्या बाजूचं वाईट. हा पॅटर्न प्री-फायनल संपल्यावर पॅडॉकमधे वही उघडून बघताना लक्षात आला. आजार एका बाजूला आणि औषध आपण दोन्ही बाजूंना सारखं देतोय. त्याच वहीत महिन्याभरापूर्वीची एक ओळ होती, "उजवीकडे स्टिअरिंग हाताला हलकं लागतं". तेव्हा ती नुसती नोंद होती, आता तिचा अर्थ लागतोय.

बाजू वेगळी म्हटल्यावर पहिला संशय अलाइनमेंटचा. लेझर लावला. टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) बरोबर, कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्हीकडे सारखा. लेझर किट चांगलंच आहे, मी सगळ्यांना घ्या म्हणून सांगते, पण ते चाकं सरळ असतानाचंच चित्र दाखवतं. कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर (किंगपिनवर) वळतं तिचा मागे कललेला कोन, त्यात दिसत नाही. आमची सगळी सकाळ त्या हिरव्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यात गेली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बाय, किंगपिन पळय (बघ) गो." बाबांनी डिचोलीच्या खाणींवर वर्षानुवर्षं टिपरचं काम केलंय, 2018 ला खाणी बंद झाल्या तोपर्यंत. टिपर एका बाजूला हलका वळतो म्हटलं की त्यांचा हात आधी किंगपिनकडे जातो. कार्टचा किंगपिन करंगळीएवढा, पण भूमिती तीच.

तर टेस्ट अशी केली, आणि ही प्रत्येकाने घरी करून बघावी, खर्च शून्य. सोप्याचा कोबा लेव्हलमधे आहे का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासलं, मागच्या उजव्या कोपऱ्याला उतार निघाला, तिथे चाकाखाली प्लायचा तुकडा टाकला. चारही टायरचा घेर टेपने मोजला, प्रेशर सारखं केलं, म्हणजे टायरचा संशय बाद. मग मी हेल्मेट-सूट घालून सीटवर, दादा मागे उकिडवा, हातात पेपरच्या पट्ट्या. डावीकडे फुल लॉक मारला. डाव्या मागच्या टायरखालची पट्टी दादाने दोन बोटांनी अलगद बाहेर काढली, वर पट्टी उभी घालून दाखवली, एवढी फट. मग उजवीकडे फुल लॉक. दादाने ओढली, पट्टी टरकन फाटली आणि अर्धी टायरखालीच राहिली. परत केलं, परत फाटली. आई स्वयंपाकघरातून विचारतेय काय झालं म्हणून, आणि आम्ही तिघं त्या फाटक्या कागदाकडे बघून हसतोय.

स्टिअरिंग वळवलं की कॅस्टरमुळे पुढचं आतलं चाक खाली ढकललं जातं, बाहेरचं वर जातं, आणि एक पाय लांब झालेल्या स्टुलासारखी फ्रेम तिरकी होऊन मागचं आतलं चाक सुटतं. अ‍ॅकरमनमुळे (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या मांडणीमुळे) आतलं चाक जास्त वळतं म्हणून या उचलण्यात त्याचाच वाटा मोठा. म्हणजे उजव्या वळणाला मुख्य काम उजव्या पुढच्या चाकाचं. उजव्या बाजूचा कॅस्टर कमी असेल तर नेमकं आमच्यासारखं होणार. उजवीकडे बॉग, डावीकडे ठीक, आणि स्टिअरिंग उजवीकडे हलकं. सगळं जुळलं!

आकडा हवा म्हणून मोजलं पण. हार्डवेअरच्या दुकानात सुतारांसाठी मॅग्नेटवाला डिजिटल अँगल गेज मिळतो, तो हबवर सपाट पट्टी लावून चिकटवला. चाक 20 अंश आत, कॅम्बर लिहा, 20 अंश बाहेर, कॅम्बर लिहा, फरकाला 1.5 ने गुणा, हा झाला कॅस्टर. डावीकडे फरक 9.4, म्हणजे 14 च्या थोडं वर. उजवीकडे 7.5, म्हणजे 11 च्या थोडं वर. जवळजवळ 3 अंशांचा फरक! एक्सेंट्रिक (किंगपिनचा कोन बदलणारे बुश) दोन्हीकडे न्यूट्रलच होते, खुणा जुळत होत्या, किंगपिनचा बोल्ट काचेवर फिरवून बघितला, सरळ. म्हणजे वाकलाय तो योकच (किंगपिन धरणारा फ्रेमचा कंस). रेसिंग नंबरच्या स्टिकरची कड सोलून बघितलं तर उजव्या योकच्या वेल्डजवळ पेंटला केसासारखी बारीक रेघ, तिच्यातून गंज डोकावतोय. ही चेसिस सेकंडहँड घेतली तेव्हा "कधी ठोकली नाही" असं सांगितलं होतं. असो. सेकंडहँड घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी एक वर्तमानपत्र आणि एक अँगल गेज बरोबर न्या एवढंच म्हणेन.

क्रॅक आहे की नुसता बेंड ते कळायला हवं होतं. कुंडईच्या इस्टेटमधे बाबांचे एक ओळखीचे काका आहेत, त्यांच्याकडे डाय पेनिट्रंटचे (बारीक तडा दाखवणारे) स्प्रे होते. पेंट खरवडून लाल रंग मारला, थांबलो, पुसला, पांढरा डेव्हलपर मारला. लाल रेघ उमटली नाही. क्रॅक नाही, फक्त पेंट तडकलाय. ती दहा मिनिटं मी श्वास धरून उभी होते, कारण क्रॅक निघाला असता तर सीझन संपला होता, नवीन फ्रेमचे पैसे आमच्याकडे नाहीत.

आता प्लॅन. पुढचा राउंड जवळ आलाय म्हणून सध्या उजवीकडचा एक्सेंट्रिक फिरवून तिथे कॅस्टर वाढवायचा, डावीकडे न्यूट्रल ठेवायचं, दोन्ही 14 च्या आसपास आणायचे, मग परत पेपरची टेस्ट, परत लेझर, कारण एक्सेंट्रिक फिरवला की टो-कॅम्बरही हलतो. योक सीझन संपल्यावर सरळ करू. एक्सेंट्रिकचा सेट मागवलाय, एका सप्लायरने "उद्या पाठवतो" म्हणून आठवडा घालवला म्हणून आता दुसरीकडून मागवला, तो दोन दिवसात कुरिअरने म्हापशाला आला. फोनवर गोड बोलणाऱ्यापेक्षा पार्ट पाठवणारा बरा.

थांबा. हे लिहिता लिहिता दादा म्हणाला की योकचा खालचा भाग मागे ढकलला गेला असेल, कर्ब (ट्रॅकची उंच कड) खालीच लागतो, तर मग नुसता कॅस्टर नाही, चाकच मागे आलं असणार. उठून मोजून आले. किंगपिनच्या मध्यापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत, डावीकडे 1042, उजवीकडे 1039. 3 मिमी! त्याचं म्हणणं बरोबर. एक्सेंट्रिक किंगपिनचं वरचं टोक मागे नेऊन कोन जुळवेल, चाक पुढे आणणार नाही. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस वेगळा ठेवून गाडी रेसला न्यायची माझी तयारी नाही.

म्हणून प्लॅन बदलला. सीझननंतर नाही, आधी योक सरळ करायचा. एका दुकानाने फ्रेम बेंगळुरूला पाठवा म्हटलं, पण जाऊन-येऊन राउंड हातचा जाईल. कोल्हापूरला उद्यमनगरात जिग (फ्रेम पकडून मोजायचा साचा) आणि हायड्रॉलिक प्रेस असलेले लोक आहेत, बाबांनी एकाशी फोनवर बोलून घेतलं. अट एकच, गरम करायचं नाही. क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची) ट्यूब आहे, गॅस लावला की त्या जागी तिचा ताण-स्प्रिंग सगळं बिघडतं आणि कार्टला तर सस्पेन्शनच नाही, फ्रेम वाकते तेच सस्पेन्शन. ते म्हणाले थंडच दाबू, हळूहळू, दर वेळी मोजून. मला माणूस आवडला. उरलेला अर्धा-पाऊण अंश एक्सेंट्रिकने काढू, मागवलेला सेट वाया जाणार नाही.

रेसबद्दल पण लिहायलाच हवं, कारण सगळंच वाईट नव्हतं. प्री-फायनलला रोलिंग स्टार्टला मी आतल्या रांगेत होते, पुढच्याने कॉरिडॉरमधे (स्टार्टआधीच्या आखलेल्या पट्ट्यात) गती कमी-जास्त केली तरी मी त्याच्या बंपरला टेकले नाही, माझ्या मागे दोघांचे पुढचे बंपर आत गेले आणि त्यांना 5 सेकंदांची पेनल्टी लागली. फायनलला उजवीकडे गाडी बसणार हे धरूनच चालवली. उजव्या वळणात उशिरा वळायचं, स्टिअरिंग कमी वेळ धरायचं, गाडी जितकी लवकर सरळ होईल तितकी करायची. वेळ जातो पण बॉग कमी होतो. आणि कमाई डावीकडे करायची. शेवटून तिसऱ्या लॅपला डावीकडच्या ब्रेकिंगला एका सीनियर मुलाच्या आत गेले, त्याने दार बंद केलं नव्हतं, ब्रेक फक्त मागे असल्यामुळे गाडी किंचित आडवी झाली, धरली, आणि एक्झिटला मी पुढे! नंतर वजनकाट्यावर तो स्वतः येऊन "मस्त होता मूव्ह" म्हणाला. नववीवरून सातवी, वाकलेल्या योकवर. मला त्याचा खूप आनंद आहे.

आता प्रश्न टेस्टिंगचा. योक सरळ झाल्यावर इथल्या धुळीत फरक दिसणार नाही. आधी वाटलं शुक्रवारीच कोल्हापूर गाठायचं आणि पूर्ण दिवस घ्यायचा, पण ट्रॅकचं भाडं, राहणं, बाबांची सुट्टी. मग सुचलं, गेल्या राउंडचे टायर अजून बरे आहेत, सरावाला जे गुळगुळीत झालेले वापरतो त्यांच्याऐवजी ते लावायचे, ट्रॅक आधी झाडून घ्यायचा, आणि मागची रुंदी मुद्दाम नियमातल्या कमाल 1400 मिमीपर्यंत न्यायची. रुंदी वाढली की आतलं चाक उचलायला कठीण, म्हणजे दोष असेल तर कमी ग्रिपमधेही डोकं वर काढेल. योक सरळ करायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच सेटअपवर, मायक्रॉनचे दोन्ही ट्रेस एकावर एक ठेवून. आधीची रन या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत करतेय, सोमवारी फ्रेम उघडी करून पिकअपमधे उद्यमनगरला.

कुणी 25-30 किलोच्या आत बसणारा फोल्डिंग जिग स्वतः बनवला असेल तर मापं पाठवा, बाबा परत वेल्डिंग मशीनकडे बघायला लागलेत. आणि तुमच्या गाडीची पेपर टेस्ट केलीत तर डावीकडे-उजवीकडे काय झालं ते सांगा, चेसिसचं नाव आणि एक्सेंट्रिकची पोझिशन पण लिहा.