तेच ते काम, दरवर्षी

"तुमचा क्लब दरवर्षी तेच ते का करतो? डोळ्यांचं शिबिर, रक्तदान, बंधारा, की परत डोळ्यांचं शिबिर. नवीन काही का करत नाही?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, दुकानात गोळ्या घेता घेता विचारतात, आणि पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा दर दिवाळीत विचारतो. विचारणारी माणसं आपुलकीची असतात. आमचं काम त्यांना आवडतं, म्हणूनच ते पुढं सरकावं असं त्यांना वाटतं. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमचा लायन्स क्लब यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. सदस्यांत कृषी केंद्रवाले आहेत, शाळामास्तर आहेत, एलआयसीचे एजंट, एक दातांचे डॉक्टर, एक जिनिंगवाले, आणि माझ्यासारखी औषधाचं दुकान चालवणारी. गेली काही वर्षं सचिवपद माझ्याकडे आहे. १९१७ साली शिकागोत मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकानं ही संघटना उभी केली. १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्ध उभं राहायचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम जगभरच्या लायन्सनी आपलं मानलं आहे.

आमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दर जुलैला नवा अध्यक्ष. इकडे शेतात डवरणी चालू असते आणि तिकडे आमचा पदग्रहण सोहळा. नव्या अध्यक्षाला आपल्या वर्षात काहीतरी वेगळं व्हावं असं वाटतं, आणि त्यात वावगं काही नाही. वरही विचारणा होते की यंदा नवीन काय? त्यामुळे तुम्ही विचारता तो प्रश्न आमच्या बैठकीतही दर जुलैला निघतो. माझं मत मी तिथं मांडते तेच इथं मांडते: जी गरज दरवर्षी नव्यानं उभी राहते, तिच्यासाठी दरवर्षीच उभं राहावं लागतं. एका वर्षाचा उपक्रम गावाच्या हिशेबात धरलाच जात नाही.

डोळ्यांचंच बघा. पोलिओ संपवता आला. जानेवारी २०११ नंतर भारतात वाइल्ड पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मोतीबिंदू असा कधीच संपणार नाही. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. गेल्या वर्षी ज्यांना सुईत दोरा ओवता येत होता, त्यांना यंदा एसटीची पाटी वाचता येत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की दुसरा डोळा पुढच्या खेपेला असतो. म्हणजे मुळात काम एकच असलं तरी माणसं दरवर्षी नवी.

समजुती मात्र जुन्याच. "पिकू दे ना बाई, मंग काढू," हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. ते अगदीच निराधार नाही. पूर्वी खरोखरच मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायला सांगत. आता कृत्रिम भिंग बसवतात, त्यामुळे रोजच्या कामात अडायला लागलं की ऑपरेशन करता येतं. उलट फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढून डोळाच जायची भीती. दुसरी समजूत अशी की उन्हाळ्यात ऑपरेशन केलं तर डोळा बिघडतो. तसं काही नसतं, पण आमच्याकडे शिबिराची वेळ डॉक्टर ठरवत नाहीत, कापूस ठरवतो. दिवाळीपासून घरातली सगळी धडधाकट माणसं वेचणीला जातात, आणि डोळे गेलेली आजीच लेकरं सांभाळत असते. ती दवाखान्यात भरती झाली तर सुनेची मजुरी बुडते. वेचण्या ओसरल्या, तूर सोंगून झाली, की फेब्रुवारीत घरातून मोकळीक मिळते. हे कुठल्या वरच्या परिपत्रकात सापडत नाही. दरवर्षी त्याच गावात गेलो म्हणून आम्हाला समजलं.

शिबिराचा दिवस तसा सोपा. मांडव असतो, चहा असतो, मोठ्या रुग्णालयाची गाडी येते, तपासणी होऊन निवडलेली माणसं गाडीत बसतात. माझ्या लेखी खरं शिबिर ऑपरेशननंतर आठ दिवसांनी सुरू होतं, ज्या दिवशी आम्ही यादी घेऊन घरोघर जातो. अशाच एका फेरीत एका आजींकडे गेले होते. डोळ्यावर हिरवा चष्मा, खाटेवर बसून गहू निवडत होत्या.

"थेंब टाकता ना जी?" मी विचारलं.

"दुखन तवा टाकीन ना बाई. आता काऊन वाया घालू?"

बाटली देव्हाऱ्यात ठेवलेली होती, सील तसंच. महागाची वस्तू जपून ठेवायची, हा त्यांचा जन्माचा संस्कार. त्यांना बोल लावायचं काही कारणच नव्हतं, कारण दवाखान्यात सुट्टी देताना दहा माणसांना एकदम सूचना दिल्या जातात. त्यांची सातवीतली नात घरी होती. तिला साबणानं हात धुवायला लावले आणि दाखवलं: खालची पापणी हलकेच ओढायची, आत एकच थेंब टाकायचा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, आणि दोन औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्यायची. पोरगी हुशार. तिनं दारामागच्या भिंतीवर खडूनं रकाने आखले आणि प्रत्येक थेंबाला एक रेघ मारत गेली. पुढच्या फेरीत ती भिंत बघून मला जो आनंद झाला, तो कुठल्या सन्मानचिन्हानं झाला नाही. त्या गल्लीतली माणसं त्यानंतर शिबिराला आपणहून येऊ लागली. दुसऱ्यांदा येणाऱ्यावर लोक विश्वास टाकतात. पहिल्यांदा आलेल्याला चहा पाजतात, एवढंच.

रक्तदानाचं कारण तर अगदी शास्त्रीय आहे. मोठं शिबिर घ्या, पाचशे बाटल्यांचा विक्रम करा, असा सल्ला आम्हाला मिळतो. पण रक्त साठवून ठेवायची वस्तू नाही. तांबड्या पेशी थंड ठेवल्या तर पस्तीस, फार तर बेचाळीस दिवस टिकतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. एकाच दिवशी पाचशे पिशव्या आल्या आणि गरज तेवढी नसली, तर काही फेकाव्या लागतात. शिवाय त्या पाचशे जणांना पुढं पुरुष असतील तर तीन महिने आणि बायका असतील तर चार महिने रक्त देता येत नाही. मधल्या काळात बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईसाठी नातेवाईक रात्री फोन फिरवत बसतात. म्हणून आमची शिबिरं लहान असतात, पण वर्षभर अधूनमधून होतात, आणि एक तर मुद्दाम मे महिन्यात होतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, घरोघरी लग्नं, पारा पंचेचाळीसच्या आसपास, त्यामुळे रक्तपेढ्या याच काळात रिकाम्या होतात. आम्ही सकाळी सहाला सुरू करतो आणि ऊन चढायच्या आत आवरतो. माणसं कमी येतात. तरी घेतो.

बंधाऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. परतीचा पाऊस संपला की नाल्याला धार असते, तेवढ्यातच वनराई बंधारा घालायचा. सिमेंटची रिकामी पोती बांधकामांवरून गोळा करायची, त्यांत वाळू-मुरूम पाऊण भरायचा (गच्च भरलं तर पोतं गोल होतं, बसत नाही), दाभण-सुतळीनं तोंड शिवायचं, आणि विटांसारखे सांधे मोडत थर रचायचे, फटींत चिखलमाती दाबायची. श्रमदानाला गुरुदेव सेवा मंडळाचे बुजुर्ग येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या शिकवणीनं पहाटेची ग्रामसफाई आयुष्यभर केलेली ही माणसं. "तेच ते का" हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारलेला नाही. पाणी माघापर्यंत टिकलं तरी हरभऱ्याला एक ओलित होतं, गुरांना प्यायला मिळतं, काठच्या विहिरींची पातळी उतरायला वेळ लागतो. उन्हानं प्लास्टिकची पोती एका वर्षात विरतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ती काढून चिंध्या वेचून आणाव्या लागतात, नाहीतर सगळा कचरा नाल्यात. दरवर्षी घालायचा आणि दरवर्षी काढायचा, असंच ते काम आहे. पक्का बंधारा चांगलाच, पण त्याला पैसा लागतो, परवानगी लागते, आणि तोवर पाणी वाहून जातं.

आता ज्या उपक्रमाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं, तो फवारणीचा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच झाली होती. पंपाचा फवारा कमरेच्या खाली न राहता तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, उकाडा होता, अंगात साधी बंडी. आमच्या गावातल्या त्या दिवसांबद्दल मी इथं लिहिणार नाही, घरांतली माणसं अजून आहेत.

त्यानंतर आम्हीही इतरांसारखंच मास्क, हातमोजे, गॉगल, प्लास्टिकचा झगा वाटायला लागलो. दुसऱ्या वर्षी परत गेलो तेव्हा झगे गोठ्यात खुंटीला टांगलेले दिसले. ऑगस्टच्या दमट उन्हात तो झगा घालून पाठीवर भरलेला पंप घेऊन चालणं कोणालाच शक्य नाही. मजुराला पैसे पंपामागे मिळतात, थांबून घाम पुसायलाही त्याला परवडत नाही. एकदाच वाटून मोकळे झालो असतो तर हे आम्हाला कळलंही नसतं. मग त्याच मजुरांना विचारत विचारत यादी बदलली. जुना पण पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. तोंडाला नीट बसणारा मास्क. वारा पाठीशी धरून, सकाळच्या वेळी. औषध ढवळायला काठी, हात नाही. विहिरीवर साबणाची वडी बांधून ठेवलेली. सगळ्यात अवघड गोष्ट खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून खायची. पंपाचे हात न धुता खर्रा घोटायचा आणि तोच तोंडात टाकायचा, ही सवय इथं इतकी पक्की आहे की आम्ही "खर्रा सोडा" म्हणत नाही, "हात धुऊन खा" एवढंच म्हणतो. आणि चक्कर आली, डोळ्यांपुढं धूसर झालं, तोंडातून लाळ गळायला लागली तर लिंबूपाणी देत बसू नका, औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल घेऊन दवाखान्यात पळा, कारण डॉक्टरांना कोणतं विष आहे हे कळलं तर उपाय लवकर सुरू होतो.

एका मजुरानं मला विचारलं, "ताई, मागच्या साली सांगतलं न तुम्ही, मंग आता परत कायले?" मी म्हटलं, भाऊ, तुमच्या बाजूला उभा आहे तो पोरगा मागच्या साली शाळेत होता, त्याला कोणी सांगितलं? त्या पोराच्या हातात पंपाची नळी होती. त्याला तिथंच दहा मिनिटं बसवून सगळं सांगितलं, आणि सांगताना तो जुना मजूरच माझ्यापेक्षा जास्त बोलला.

नवीन काही करायचंच नाही, असा माझा हट्ट नाही. फवारणीचं कामही एके काळी नवीनच होतं. यंदाच्या अध्यक्षांनी जुलैच्या बैठकीत सिकलसेलचा विषय मांडला. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, आदिवासी भागात आणि इतरही समाजांत. आई-वडील दोघं वाहक असतील, म्हणजे दोघांच्या अंगात या आजाराचं एकेक जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियानही चालू आहे, तपासणीची सोय आरोग्य खात्याकडे आहे. आमचं काम उरतं ते शाळा-कॉलेजात मुलांना समजावण्याचं, तपासणीला नेण्याचं, आणि वाहक निघालेल्या मुलीच्या आई-वडिलांना हे सांगण्याचं की पोरीत काही खोट नाही, लग्नाआधी मुलाचीही तपासणी करा म्हणजे झालं. हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक आहे आणि एका भेटीत होत नाही.

बैठकीत मी हात वर केला, पण अट घातली. दरवर्षी नववीचा नवा वर्ग येतो, तेव्हा निदान पाच वर्षं सलग करणार असू तरच ठरावात घ्या, आणि पुढच्या चार वर्षांच्या संभाव्य अध्यक्षांनी आजच होकार द्यावा. थोडी चर्चा झाली, मग चौघांनीही होकार दिला. इतिवृत्तात तसं लिहिलं आहे. पहिली शाळा गणपती उठल्यावर.