दोन हजार आठशे रुपये आणि चार खेपा

शेअरच्या लाभांशासाठी खानापूरहून बेळगावला ब्रोकरकडे चार खेपा घातल्या, चारही भर पावसात, आणि शेवटी कळलं की जे मागायला जात होतो ते माझं नव्हतंच. एकवेळ तेही चाललं असतं. पण जी गोष्ट पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आली असती, ती तिथल्या एकाही माणसानं सांगितली नाही.

झालं असं. जुलैमधल्या एका शुक्रवारी सकाळी बाजार उघडल्या उघडल्या मी एका कंपनीचे 200 शेअर घेतले. शेअरमागे 14 रुपये लाभांश जाहीर झालेला, रेकॉर्ड डेट, म्हणजे लाभांश कोणाला द्यायचा हे ठरवायचा दिवस, त्याच शुक्रवारची. आदल्या दिवशी 612 ला बंद झालेला शेअर 599 ला उघडला. मला वाटलं, वा, लाभांशही मिळणार आणि वर स्वस्तातही सापडला! बायकोला सांगूनही टाकलं, 2,800 रुपये येणार.

योगायोग म्हणजे माझ्या मेव्हण्याकडे त्याच कंपनीचे 100 शेअर होते आणि त्यानं ते त्याच सकाळी विकले. मी त्याला फोनवर हसलोसुद्धा, आजच्या दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं म्हणून.

ऑगस्टमध्ये कंपनीची वार्षिक सभा झाली, लाभांश मंजूर झाला. आठवड्याभरात मेव्हण्याचा फोन. "दाजी, माझे 1,400 जमा झाले. तुमचे?"

माझे नव्हते.

ब्रोकरचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, जिन्यात छत्र्यांचा ढीग. काउंटरवरच्या पोरानं खातं उघडून बघितलं. "शेअर दिसतायत की सर. येतंय, दोन दिवस थांबा." थांबलो. दुसऱ्या खेपेला तोच पोरगा कानाला फोन लावून पलीकडच्याला "बर्तैतरी, बर्तैतरी" सांगत होता. म्हणजे कन्नडमध्येही लोकांना येतंयच सांगतात, मराठीवाल्यांशी दुजाभाव नाही. मग त्यानं शोध लावला की माझ्या बँकेचं विलीनीकरण झालंय, आयएफएससी बदलला असणार, पैसे परत गेले असणार. फॉर्म भरा. रद्द केलेला चेक जोडा. चेकबुक घरी! तिसरी खेप चेकसाठी. त्या दिवशी सही जुळेना. वीस वर्षांपूर्वीची माझी सही मला कशी येणार? तीनदा केली, तिसरी त्यांना पसंत पडली. "दहा दिवस लागतील." नवा आयएफएससी मी विलीनीकरणानंतर लगेच नोंदवला होता, हे सांगूनही उपयोग झाला नाही. चौथ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, तासभर बाकावर बसलो. साहेब आले आणि म्हणाले, कंपनीच्या रजिस्ट्रारला (कंपनीसाठी भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) लिहा, आमचा संबंध नाही. हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

घरी येऊन रजिस्ट्रारला मेल टाकला. (पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर असतो. चार खेपांआधी मेल करा.) तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर: रेकॉर्ड डेटच्या दिवसअखेर आपल्या डीमॅट खात्यात शेअर नव्हते.

भडकलोच. नव्हते म्हणजे? कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, काढली: शुक्रवार, 9 वाजून 21 मिनिटं. मग डीमॅटचं, म्हणजे शेअर ज्यात राहतात त्या खात्याचं, स्टेटमेंट काढलं. जमा: सोमवार. दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सौदा झाला म्हणजे शेअर आला असं नाही. तो कामकाजाच्या पुढच्या दिवशी येतो. एनएसडीएल आणि सीडीएसएल या डीमॅट खाती सांभाळणाऱ्या दोन संस्था रेकॉर्ड डेटच्या संध्याकाळी खात्यांची यादी काढून देतात, लाभांश त्या यादीप्रमाणे. त्या संध्याकाळी माझे शेअर वाटेत होते आणि मेव्हण्याचे, विकलेले असूनही, अजून त्याच्याच खात्यात अडकवून ठेवलेले होते. आणि ते 13 रुपये स्वस्त? लाभांश भावातून गेला होता, दुसरं काय. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर लाभांशाशिवाय विकला जातो त्या दिवशी, भाव साधारण तेवढा उतरूनच उघडतो. मी सवलत समजून हुरळलो.

तर घ्यायचं असेल तर एक्स-डेटच्या आधी, निदान आदल्या सौद्याच्या दिवशी. विकायचं असेल तर एक्स-डेटला सकाळी विकलं तरी लाभांश तुमचाच. जुने लोक "दोन दिवस आधी घे" म्हणतात, ते पूर्वीच्या हिशोबानं. 27 जानेवारी 2023 पासून सगळे सौदे एका दिवसात मिटतात, त्यामुळे एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट आता बहुधा एकच असते.

एक राहिलंच, आणि हे खास आपल्या भागासाठी. आपण शिवजयंती वैशाखात करतो, चित्ररथ काढून. 19 फेब्रुवारीला बेळगावच्या बँका उघड्या, शेअर बाजारही चालू. पण मुंबईच्या बँका बंद, म्हणून सौदे मिटत नाहीत. 2025 साली 18 ला घेतलेले शेअर म्हणून 20 ला आले. 1 एप्रिललाही बँकांच्या वार्षिक हिशोबामुळे सौदे मिटत नाहीत. उलट 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवासाठी आपल्या बँका बंद असतात, त्याचं बाजाराला काही नाही. इतकी वर्षं मागून महाराष्ट्रात जायला मिळालं नाही, डीमॅट खातं मात्र केव्हाच गेलंय. रेकॉर्ड डेट बघताना सुट्ट्यांची यादी मुंबईची बघा.

परवा मोबाइलवर मेसेज आला: आपला बँक तपशील यशस्वीरीत्या बदलण्यात आला आहे. उघडून बघितलं. खातं तेच, आयएफएससी तोच.